खंडेनवमीचं काडतूस

बाबा, आई आता माझ्याकडे असते, सिंगापुरात, बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. पुण्याचा फ्लॅट विकला, तिचं सामान जहाजानं आलं. त्यात देवघर आलं आणि देवघराबरोबर तिचा पितळेचा कुंकवाचा डबा. त्या डब्यानं गेल्या आठवड्यात माझा जीव जवळजवळ घेतलाच होता, म्हणून हे लिहायला बसले.

तुमच्या त्या जुन्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा मला लहानपणी रागच यायचा. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लागतं म्हणून तुम्ही लायसन्स काढलंत, निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून ते सेकंडहँड घेतलंत, आणि मग दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याला तेलपाणी करत बसायचात. माझ्या सायकलच्या साखळीला ते तेल कधी मिळालं नाही. एकदा मला बंदुकीच्या दुकानात नेलं होतंत. दुकानदार तांब्याच्या कवचाची, हलक्या गोळीची जोरकस काडतुसं पुढे करतोय, "साहेब, मॅग्नम आहे, मॅग्नमसारखं वाजू द्या की," आणि तुम्ही मान हलवताय. तुम्हाला साध्या शिशाच्या गोळीची, कमी जोराची हवीत. "तुमच्या त्या तेज मालानं जुन्या नळीला तडा जाईल. म्हाताऱ्याच्या पानात त्याला पचेल तेवढंच वाढायचं." मी मध्येच तोंड घातलं, "मग ठेवायचंच कशाला?" तुम्ही दुकानदारासमोरच मला झापलंत, "ज्याची भीती वाटते ते आधी नीट समजून घ्यावं, मग बोलावं." घरी येताना मी मुद्दाम तुमच्या दहा पावलं मागून चालले.

खंडेनवमीला मात्र ते रिकामं करून तुम्ही पाटावर ठेवायचात आणि आई हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहायची. पुढे तुमचे हात थरथरायला लागले, तुम्ही रिव्हॉल्व्हर काडतुसांसकट जमा केलंत आणि लायसन्स सोडलंत. आई खट्टू झाली, आता पाटावर काय ठेवू म्हणाली. तेव्हा तुम्ही तिला एक काडतूस आणून दिलंत. मी इथे नोकरीला लागले होते. फोनवर ऐकलं, हसले आणि विसरून गेले. तुम्ही गेल्यावरही ती त्याचीच पूजा करत राहिली, हे माझ्या गावीही नव्हतं.

गेल्या आठवड्यात खंडेनवमी. आईनं पाटावर सुऱ्या, किसणी, माझा लॅपटॉप मांडला आणि कुंकवाच्या डब्यात बोटं घालून ते काडतूस बाहेर काढलं. थरावर थर चढून लालभडक झालेलं. बाबा, इथे एक गोळी जवळ सापडली तरी माणूस तुरुंगात जातो. तुमची नात ओरडली, "आज्जी, कॅनॉट लाह! पोलीस विल कॅच यू!" आणि आई शांतपणे, "ह्यांनी दिलंय ते. पूजेचं आहे." आपल्या आईला या वयात पोलीस नेणार, एवढंच मला दिसत होतं. स्वयंपाकघरातून कचरा थेट तळमजल्यावर सोडायच्या शूटचं झाकण मी उघडलंही. मग बंद केलं आणि पोलिसांना फोन लावला.

दोघे आले. आईला मी आतल्या खोलीत बसवलं. त्यांतल्या वयस्क अधिकाऱ्यानं हातमोजे चढवून ते काडतूस उचललं, फिरवलं, अंगठ्यानं कुंकू खरवडलं. खाली, पितळेच्या अंगाला आरपार भोक. "सी, मॅडम? ड्रिल्ड वन. इनसाइड एम्प्टी." ते तपासायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला: आत दारू नाही, मागची टोपीही निकामी, काही कारवाई नाही, पुन्हा असं काही आणू नका. फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आईला सहज विचारलं, "बाबांनी ते काडतूस दिलं तेव्हा कसं होतं गं?" ती म्हणाली, "कुंकू लावूनच दिलं. जन्मात एकदाच ह्यांनी माझ्या डब्याला हात लावला." म्हणजे भोक तुम्हीच लपवलंत. तिला झेपेल असं काडतूस निवडलंत आणि तिला ते खरंच वाटू दिलंत. त्या दुकानात मी उगाच तोंड घातलं होतं.

आईला मी भोकाचं सांगितलेलं नाही. "आमच्या ह्यांची गोळी न्यायला दोन पोलीस आले," असं ती खालच्या बाकावरच्या बायकांना खुणा करकरून सांगते आणि घरी येते ती मान ताठ करून. त्यामुळे हे पत्र घरात ठेवायची सोय नाही. तिला अजून बिनचष्म्याचं वाचता येतं. आता फाडते.