कच्च्या शिलाईचे घर

मी, खाली अंगठा उठवणारी, या घराची मालकीण, गाद्या-उशा शिवण्यात हयात घालवलेली, वय ऐंशीच्या पुढे (किती पुढे ते मला जन्म देणारीलाही सांगता येत नव्हते), आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणाच्या दाबाखाली नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून हे मृत्युपत्र मी सांगते आणि वकीलबाई लिहितात. शुद्धीचा दाखला समोरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांच्या बाहीची शिवण उसवल्याचेही सांगितले. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

साक्षीदार दोन. एक डॉक्टरीणबाई, दुसरा आमचा इंजिनिअर, जो अजून पोचायचा आहे. ज्याला या कागदातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचे मिळणे जाते, असे वकीलबाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांना बजावले आहे.

मला दोन मुलगे. थोरला सुतार, बापाच्या हाताखाली तयार झालेला. धाकटा बस चालवतो. धाकट्याची बायको, माझी धाकटी सून, तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. तिथल्या जिन्यावरून पडून तिचे पाय गेले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. या कागदात भांडण एकच: माझ्यामागे हे घर अखंड तिला द्यायचे, की मधोमध भिंत घालून दोघा भावांत वाटायचे. थोरला म्हणतो, "दोन मुलगे, दोन भाग. माझ्या भागात मी भाडेकरू ठेवीन." त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. म्हणून त्याचे कलम मी शेवटी सांगेन, तोवर त्याने गप्प बसावे. तो इथेच बसला आहे आणि गप्प बसलेला नाही.

कलम पहिले. घर.

माझ्या जुन्या घराला रस्त्यापासून पायऱ्या, खोलीखोलीला उंबरठा. दोघे भाऊ सुनेला उचलून ने-आण करत. एक दिवस ती म्हणाली, "आई, मी काय कपाट आहे? ठेवतील तिथं उभं राहायला?" मग माझे आणि तिचे ठरले, घर पाडून नवे बांधायचे.

इंजिनिअरने कागदावर नकाशा आणला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, "छान आहे. पण अंगावर घालून बघितल्याशिवाय मी साधी बाही जोडत नाही. घर कसं शिवू?" इंजिनिअर भला माणूस. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बांबू घेऊन आला.

मोकळ्या जागेत बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या आणि माझ्याकडच्या गाद्यांच्या जुन्या खोळी उसवून भिंती म्हणून टांगल्या. कच्ची शिलाईच ती. सून खुर्ची ढकलत त्या कापडाच्या घरात शिरली. कोपर घासले की भिंत मागे सरके. ओट्यापुढे खुर्ची गोल फिरेना, तर स्वयंपाकघर सैल केले. धाकटा कापड वर करून सरळ न्हाणीघरात आला, तशी ती म्हणाली, "भिंतीतून काय येताय? दार तिकडं आहे. बाहेर जा आणि नीट या." गडी निमूट बाहेर गेला आणि दाराने आला. रस्त्यावर बघे जमले. एकाने विचारले, नाटकाला तिकीट आहे का. मी म्हटले, आहे, हा बांबू धरून उभे राहा. संध्याकाळपर्यंत उभा होता बिचारा.

एवढे करूनही चुकलेच. भिंतीला कच्ची शिलाई घालता येते, पाण्याला येत नाही. उंबरठा नको म्हणून न्हाणीघराची फरशी घराशी सपाट ठेवली, आणि पहिल्याच आंघोळीचे पाणी थेट माझ्या पलंगाखाली. सून आतून विचारते, "आई, पाणी कुठवर आलं?" मी म्हटले, "माझ्या चपला निघाल्या फिरायला." फरशी उकरून कोपऱ्याकडे उतार दिला तेव्हा त्या परत आल्या. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात; आम्ही तर न्हाणी आणि अंगण दोन्ही मुद्दाम वाकडी केली.

आता या घरात खुर्ची रस्त्यावरून अंगणाच्या उताराने थेट स्वयंपाकघरात येते. ओट्याखाली गुडघे जायला जागा आहे. बटणे कोपराच्या उंचीवर, पलंग खुर्चीच्या उंचीचा, खिडकी इतकी खाली की बसलेल्या माणसालाही रस्ता दिसतो. सरकती दारे सगळी थोरल्याने बसवली. एका बोटाने सरकतात, आवाज नाही. हेही लिहा, वकीलबाई, त्याच्यादेखत लिहा. आरसा मात्र सुनेच्या मापाचा, थोरल्याला त्यात नुसते पोट दिसते. ते अधूनमधून दिसलेले बरे.

घर बेतले तिच्या मापाने, बसले मलाही. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा न्हाणीघरातला दांडा हाताशी होता. मी कुणाला हाक मारली नाही. या वयात हाक न मारता आंघोळ होणे म्हणजे काय, ते तरुणांना सांगून कळायचे नाही.

लोक म्हणतील, सुनेने म्हातारीला फितवले. फितवलेच आहे. मी आयुष्यभर गाद्या शिवल्या, त्या निजलेल्या माणसासाठी. तिने बसलेल्या माणसासाठी घर शिवले. सबब हे घर, उतार, अंगण, दारे-खिडक्यांसह, अखंड, धाकट्या सुनेला एकटीला, तिच्याच नावे. नवऱ्याच्या नावे नव्हे.

कलम दुसरे. धाकट्याला अशी बायको मिळाली, तेवढे पुरे. माझे शिलाई मशीन मात्र त्याने रोज पुसावे.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते पुढच्या उतारावर खर्चावे. तो खडबडीत राहिला पाहिजे. कुणी हौसेने गुळगुळीत फरशी लावली तर मी आहे तिथून त्याच्या स्वप्नात येईन.

कलम चौथे. जुन्या घराचा सागवानी उंबरठा माझ्या नणंदेला द्यावा. "उंबरठ्याशिवाय घर म्हणजे काठाशिवाय कापड, उसवायला वेळ नाही लागायचा," असे ती वास्तूच्या दिवशी चार बायकांत म्हणाली होती. घर उसवले नाही. उंबरठा तिने स्वतः येऊन न्यावा, जड आहे.

कलम पाचवे. थोरला.

वरची चार कलमे लिहून झाल्यावर मी त्याला म्हटले, "तुझी भिंत आधी टाचून दाखव, मग पक्की शिव." त्याने मधल्या खोलीत दोरी बांधली आणि माझी निळी चादर आडवी टांगली. मग मी त्याला सुनेच्या खुर्चीत बसवले आणि म्हटले, "हं, आता मला चहा करून आण."

चादरीपाशी खुर्ची वळेना. पुढे गेला, मागे आला, कोपर भिंतीला घासले. सून पलंगावरून बघत होती. म्हणाली, "दादा, मागं येताना आधी मागं बघा. त्यातच माझ्या कोपरांचं कातडं गेलंय." ओटा चादरीच्या या बाजूला, न्हाणीघर त्या बाजूला. एकातून दुसऱ्यात जायचे तर उतारावरून रस्त्यावर आणि फिरून मागच्या दाराने. तो तसाही जाऊन आला. परत चादरीसमोर येऊन त्याने घाम पुसला. चहा काही झाला नाही. मग त्याने दोरी सोडली, चादरीची चौपदरी घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

एवढे सांगून होईतो दुपार झाली, इंजिनिअरचा पत्ता नाही. थोरला म्हणाला, "त्याची वाट कशाला बघता? साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मग तुम्हाला यातून काही घेता येणार नाही. सकाळीच सांगितलं मी."

"ऐकलंय," तो म्हणाला. "म्हणून तर करतो."

सबब कलम पाचव्यात देण्याची जागा कोरी ठेवावी. पण मला अक्षर येत नसले तरी हिशेब येतो. जिवंत बाईने दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही. म्हणून त्याच्या बापाची हत्यारांची पेटी, रंधा-पटाशीसकट, मी आत्ताच त्याच्या हातात दिली आहे. वकीलबाई हसल्या, म्हणजे कायद्यात बसत असावे. शिवाय सुनेला बजावते: मागची खोली रिकामी ठेव, थोरल्याचेही गुडघे माझ्यावरच गेलेत. हे देणे नव्हे, नुसते बजावणे.

कलम सहावे. ती निळी चादर माझ्या अंगावर घालू नये. कपाटात खालच्या फळीवर, सुनेच्या हाताला लागेल अशी ठेवावी. माझ्यामागे या घरात कुणालाही भिंत सुचली, तर त्याने आधी ही टांगावी, खुर्चीत बसावे आणि चहा करून आणावा.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी जास्त आवडला. अंगठा डाव्या हाताचा आहे. त्यावर सुईचे इतके घाव आहेत की दुसऱ्या कुणाचा म्हणता येणार नाही.

(अंगठा)

साक्षीदार पहिल्या: समोरच्या डॉक्टरीणबाई. सही. त्यांची उसवलेली बाही मी टाके घालून दिली.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा, धंदा सुतारकी. सही.

लिहून घेणार: वकीलबाई. सही.

ठिकाण: याच घरी, मधल्या खोलीत, चादर टांगली होती त्या जागी.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, थोरल्याने अखेर चहा आणला तेव्हा.