दिवे बरोबर आहेत

तुझ्या बापानं माझी दातांची पेस्ट सगळीच्या सगळी गाडीच्या दिव्यांच्या काचेले फासली. नवी नळी होती. म्हणे, आई, तुझ्या तोंडात चार दात उरले, त्यायले एवढी पेस्ट कशाले लागते? वरून माझं मऊ जुनं लुगडं फाडलं, काच पुसाले तेच बरं पडते म्हणून. सकाळी मी राखुंडीनं दात घासले आणि त्याले शिव्या घातल्या, तर हसते.

प्रिय हर्षा,

सप्रेम जय भीम. तू, तुझी आई आणि आपला सुमेध बरे असाल. इकडे मी बरी आहे असं लिहायची रीत आहे, पण मी बरी नाई. मले भेव लागून राह्यलं आहे. दीक्षाभूमीच्या सोहळ्याले तुमाले न्याले माझा खुशाल, तुझा बाप, त्याचं ते गाडीघर घेऊन आलापल्लीले येणार, आणि तुझी ड्युटी सुटल्यावर अंधारात लेकराले घेऊन निघायचं, असं तुमचं बापलेकीचं ठरलं. त्याच जंगलातल्या रस्त्याचं भेव आहे. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच, पण पुरं वाच, आणि तुझ्या आईपुढं मोठ्यानं वाच. फोन काऊन नाई केला म्हणशील. तुझी आई नातू सांभाळाले तुझ्याकडे आली तसा घरात एकच फोन, तो खुशालच्या खिशात. लावून देते तर स्पीकरवर, आणि आपण बाजूले बसून मधात मधात बोलते. म्हणून हा कागद आपल्या गावच्या पत्रूच्या हाती देऊन राह्यली. तो आज लाकडाच्या कामानं तिकडे येऊनच राह्यला आहे.

तुले वाटन म्हातारी वाघाले भ्याली. वाघाले मी कशाले भिऊ? मोहफुलं वेचता वेचता दोनदा पाह्यला, दोन्ही वेळा तोच बाजूले झाला. माणूस बाजूले होत नाई. बिनदिव्याची सायकल, रस्त्यात थांबलेला ट्रॅक्टर, डांबरावर बसलेल्या म्हशी, हे कोणी बाजूले होत नाई.

तुझ्या बापाची हौस तुले माहीत आहे. सारा जन्म लोकायच्या ट्रॅव्हल्स हाकल्या, आता म्हणे स्वतःच्या गाडीत झोपीन. शाळेची जुनी मिनीबस आणली, बाकडे काढले, दोन पलंग ठोकले, मागं पाण्याची टाकी, गॅस, पंखा, हात धुवाले भांडं. मले म्हणे, आई, हे चालतं घर आहे. मी म्हटलं, घरानं एका जागी बसावं, चालाले पाय आहेत. पण खोटं कशाले बोलू, पावसाळ्याच्या आधी मार्कंड्याले गेलो तेव्हा मी मागच्या पलंगावर रस्ताभर आडवी पडून गेली होती. तुझी आई पुढं त्याच्या डाव्या हाताले बसली होती आणि तिचं तोंड बंद नाई. गाय आहे जी. सायकल आहे. आता वळण, उजव्या हाताले. ट्रक आला, मोठा आहे. मी मागून ओरडली, कांता, माझा पोरगा ड्रायव्हर आहे का बैल आहे, थोडी गप बस की. ती गप नाई बसली. तुझा बापही तिले गप म्हणला नाई. तेव्हा मले वाटलं, पोरगा गरीब आहे, बायकोपुढं बोलत नाई.

परत येताना अंधार पडला तसा खुशाल म्हणाले लागला, दिवे मंद आहेत, रस्ता दिसत नाई. आणि तेव्हा खरंच मंद होते, मीही पाह्यलं. काचा पिवळ्या पडल्या होत्या, जसं गढूळ पाण्यातून पाहावं. वारलू मिस्तरीनं पाणी लावून बारीक घासकागदानं त्या घासल्या. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, मंद आहेत. मग बल्ब बदलले. वारलू सांगे, बल्बच्या काचेले बोट लावू नका, लवकर उडते, तर आपल्या साहेबानं आधीच बोट लावलं होतं. पुन्हा मंद. मग बॅटरीवर आळ. पंखा, घरातले दिवे सारे एकाच बॅटरीवर टांगले होते, ते वारलूनं दुसऱ्या बॅटरीवर नेले. टोकावर पांढरी बुरशी जमली होती, ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. ते पाणी मीच तापवून दिलं. अंगणात बसून मी सारं पाहत होती. कोणता फ्यूज कुठं असते, गाडीच्या लोखंडाले बांधलेली वायर गंजली की दिवा कसा मरगळते, हे आता मी तुले सांगू शकते. ती वायर वारलूनं खरवडून आवळली आणि दिवे असे पेटले की शेजारची नीलाबाई डोळ्यावर हात धरून बोंबलली, खुशालभाऊ, माझी भाजी करपली, बंद करा ते!

खुशाल म्हणे, अजून मंदच आहेत.

वारलूनं माझ्याकडे पाह्यलं. मी त्याच्याकडे पाह्यलं. गिऱ्हाइकाले मंद दिसते म्हटलं तर मिस्तरी आणखी मोठा बल्ब लावते, गिऱ्हाइकाचे डोळे नाई पाहत.

मी खुशालले म्हटलं, बापू, मले तर लख्ख दिसते. तर मलेच म्हणे, आई, तुले काय समजते, तुझे डोळे गेले. आणि दुसऱ्या दिवशी मले धरून पोंभुर्ण्याच्या डोळ्यांच्या शिबिरात नेलं. डॉक्टरीण पोरगी गोड होती. तिनं माझे डोळे उलटेपालटे करून पाह्यले आणि म्हणाली, आजी, ऑपरेशन चांगलं झालं आहे, तुमी अजून सुई ओवाल. मग खुशालले म्हणे, काका, तुमाले शुगर आहे ना, तुमीही बसा. तो म्हणे, मले काय झालं, मी तर ड्रायव्हर आहे. आणि गाडीकडे निघून गेला. रस्ताभर माझ्याशी बोलला नाई. तुझा बाप खराब नाई हर्षा, पण त्या दिवशी त्याच्या गप्प राहण्याचं मले भेव वाटलं. तो भ्यालेला होता. लहानपणी विहिरीत उतरायचा तेव्हाही असाच गप्प होत होता.

मग वारलू म्हणे, दिव्यांचं तोंड वर झालं असन. मागं टाकी, पलंग, सामान, गाडीचं बूड खाली बसते आणि उजेड रस्त्यावर पडायचा तो झाडाच्या शेंड्यावर पडते. हे मलेही पटलं. त्यानं टाकी पुरी भरली, दिवे लागायच्या वेळी गाडी समाजमंदिराच्या भिंतीपुढं उभी केली, भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि स्क्रू फिरवून उजेड रेघेच्या खाली आणला. काम बरोबर झालं. वारलू हात धुवाले नळावर गेला. खडूची रेघ पोरं पुसतील म्हणून मी भिंतीपाशी उभी होती, उजव्या दिव्याच्या उजेडात, थोडी बाजूले. अंगावर तू दिलेलं पिवळं लुगडं. माझी सावली भिंतीवर अशी काळीकुट्ट पडली होती की चष्म्याची दांडीही दिसे. खुशाल स्टेअरिंगवर बसून समोर पाहत होता, सरळ माझ्याकडे. आणि त्यानं आवाज दिला, आई, तू घरात गेली काय?

मी बोलली नाई. मले पाहायचं होतं. बोलाले पाहिजे होतं. तो म्हणे, गेली वाटते. आणि वळवाले गाडी पुढं घेतली.

मी बोनेटवर दोन्ही हात आपटले. गाडी थांबली, भिंतीत आणि माझ्यात सुपाएवढी जागा राह्यली. खुशाल उतरला, घामानं ओला झाला होता. मले म्हणे, पाह्यलं ना आई, किती मंद आहेत, आणखी दोन दिवे लावावे लागतील. तो वारलूले नाई, मलेही नाई, स्वतःले सांगत होता. नळावरून वारलू ओरडला, दादा, दिवे बरोबर आहेत! खुशालनं ऐकलं नाई असं केलं.

त्या रात्री तुझ्या आईचं बोलणं मले आठवलं. गाय आहे जी. सायकल आहे. आता वळण. माझ्या पोराले ती बोलत नव्हती, त्याच्यासाठी पाहत होती. आणि आता ती तुझ्याकडे आहे. तो एकटा येणार, जंगलातून, आणि जाताना आईले मागं पलंगावर, पुढच्या सीटवर तुले बसवणार, लेकरू मांडीवर घेऊन, आणि तुले गाय आहे म्हणायची सवय नाई.

आता ऐक, हे काऊन लिहिलं. काल तो जेवत होता तेव्हा मी गाडीत चढली आणि डब्यातले दोन्ही दिव्यांचे फ्यूज काढून घेतले. जादाचे होते तेही. बारकुल्या चकत्या आहेत, माझ्या कमरेच्या बटव्यात सुपारीखाली बसल्या. आता दिवे लागतच नाई, आणि तुझा बाप सकाळपासून वायरी उपसून राह्यला. वारलू बहिणीकडे गेला, तो परवा येईन, आणि आला की पहिल्यांदा फ्यूजच पाहीन. म्हणजे माझ्या हाती परवापर्यंतच आहे. तू रजा टाक, आणि उद्या सकाळच्या एसटीनं आईले आणि सुमेधले घेऊन इकडे ये, दिवसा. खुशालले शिबिरातल्या त्या डॉक्टरिणीकडे तू ने. माझं तो ऐकत नाई, मी रागावली तर हसते. तू रडली तर तो उठून जात नाई, बसून ऐकते. रड. सोहळ्याले आपण सगळे एसटीनं जाऊ, मी उभी राहून येईन. गाडीघर अंगणात राहू दे, मी त्यात झोपीन. आणि या पत्राचं उत्तर तू देऊ नको. तुझ्या आईनं द्यायचं, माझ्यासमोर बसून, तोंडानं: कधीपासून ती त्याचे डोळे होऊन राह्यली.

तुझीच आजी,
रुखमा