मागेल त्याला बिल्ला

१२ मार्च

ती. दादास,
स. न. वि. वि.

आईनं शनिवारी बिल्ला परत केला. चर्चच्या पंचांकडून काही वेगळंच कळेल, म्हणून मीच लिहिते.

प्रभुभोजनाआधी पंच नेहमीप्रमाणे घरोघर आले. सुतारपंचानं पेटीतून शिशाचा बिल्ला काढून आईपुढे ठेवला. तुमची देवानं निवड केली आहे, तीन एप्रिलच्या रविवारी हा दाखवून प्रभूच्या मेजावर भाकर घ्यायला या, म्हणाला. आईनं उलटून पाहिला, तुझं ओतकाम बरं झालंय असं मला म्हणाली, आणि पेटीत टाकला. धाकट्याला दिला नाहीत, मलाही नको, एवढंच बोलली.

धाकट्याला पंचांनी विचारलं तेव्हा तू शहरात होतास. मी खोलीत होते. निवड झाल्याची खूण काय, असं विचारल्यावर तो खोकत उठून बसला. म्हणाला, त्यानं मला निवडलंय की नाही ठाऊक नाही, मी मात्र त्याला निवडलंय. हा उद्धटपणा ठरला. तीन आठवड्यांनी तो गेला आणि तू, त्याचा सख्खा भाऊ असून, आमचा पाळक म्हणून कबरीपाशी सगळ्यांसमोर म्हणालास की हा निवडलेल्यांतला नव्हता.

आई म्हणते, ते वाक्य मागे घे. तोवर ती मेजावर येणार नाही.

आपल्या ओतशाळेत नळाच्या तोट्यांचं काम जोरात आहे. दोन्ही भट्ट्या चालू.

लोभ असू दे, उपदेश कमी असला तरी चालेल.
तुझी बहीण

२० मार्च

चि. ओतारीणबाईंस,
अ. उ. आ.

तो उठून बसला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण देवच निवडतो, ही शिकवण मी सोडू शकत नाही. तारण माणसाच्या हातात दिलं तर काय होईल? धाकट्यानं बाबांचं घड्याळ दोनदा हरवलं. माझंही वेगळं नाही. मी रोज सकाळी संशय घेऊन उठतो. माझ्या पकडीवर सगळं असतं तर केव्हाच सुटलं असतं. देवानं मला धरलंय, म्हणून मी उभा आहे.

आईला तू समजाव. तुझं ऐकते. तीन एप्रिलला प्रभुभोजनासाठी मी शहरातून येतो आहे. ती मेजावर नसेल तर भाकर मोडताना माझे हात चालणार नाहीत.

तुझी वहिनी सलाम सांगते. माया कमी करू नकोस.
दादा

२७ मार्च

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. घड्याळाच्या वाक्यापाशी हसली. मग म्हणाली, सगळं आधीच ठरलंय तर मला समजवायला कशाला सांगतो? उत्तर तुला सुचलं तर कळव. मी तिला समजावणार नाही.

आणि एक. बिल्ल्यांचा साचा माझ्याच कपाटात असतो. पंचांनी अडतीस सांगितले होते, मी चारशे ओतले. टोपली भट्टीच्या दारात ठेवली आहे. मागेल त्याला बिल्ला. इस्त्रीवाली घेऊन गेली, बसचे दोन ड्रायव्हर घेऊन गेले. एकानं विचारलं, परीक्षा असते का? म्हटलं, आत आलास, झाली.

सुतारपंच तावातावानं आला. खोटे बिल्ले काढतेस, म्हणाला. म्हटलं, सगळे मीच ओतलेत, खरे वेगळे काढून दाखवा. चष्मा लावून बराच वेळ टोपली चाळत बसला. जाताना एक खिशात घातला, मुलीसाठी असावा. तिलाही दोन वर्षं मिळालेला नाही.

आई टोपलीतलाही घेत नाही. तिला तुझं वाक्य मागे घेतलेलं हवंय.

रागाव, पण लिहीत राहा.
तुझी बहीण

५ एप्रिल

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

रविवारी तू न बोलता निघून गेलीस, म्हणून लिहितो. बिल्ले जमा करायची थाळी ओसंडली. भाकर मोडू नका, असं पंचांनी मला खुणावलं. मी मोडली. ती घेऊन शेवटच्या बाकापर्यंत तुझ्याकडे आलो, तर तू मांडीवरचे हात उचलले नाहीस. सगळे बघत होते.

देव निवडतो, हे मी आजही मानतो. पण कुणाला निवडलं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखा बोललो. धाकट्याबद्दलचं ते वाक्य मी मागे घेतो. पंचांनी मला बोलावलं आहे. बहुधा पाळकपण जाईल.

तुझा हात डोक्यावर राहू दे.
थोरला

९ एप्रिल

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. परत पाठवते आहे.

बोललास ते साठ माणसांसमोर, उघड्यावर, आणि मागे घेतोस पाकिटात. असं चालणार नाही. येत्या रविवारी कबरीपाशी ये. पंचांना घेऊन ये. मोठ्यानं बोल, सुताराला कमी ऐकू येतं. मी खुर्ची टाकून बसेन. बोलून झालं की तिथेच भाकर मोड. मी घेईन.

पाळकपण गेलं तर भट्टीवर माणूस हवाच आहे.

धाकट्याची निवड झाली होती की नाही, ते मी देवाला भेटल्यावर विचारीन. उत्तर पटलं नाही तर वाद घालीन. त्यात तुम्ही कुणी पडू नका.

माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.
आई