संदातजवळ आवाज करायचा नाही

९ मार्च

पोचले एकदाची. डेनपसारला कडक ऊन होतं आणि इथे तेगालसारीत ढग अंगणात येऊन बसलेत. गाडीवाल्याने माझं शिवणयंत्र फाटकापर्यंत आणून दिलं आणि विचारलं, म्बोक, ओ ताई, डोंगरात दुकान टाकताय की काय? कुत्री सांभाळायला आलेय म्हटल्यावर त्याला हसू आवरेना. म्हणाला, कुत्र्यांनी माणसांना सांभाळायचे दिवस गेले म्हणायचे.

माझी मैत्रीण सुवित्री, तिची बॅग भरून तयार होती. मकस्सरला तिच्या मुलीला सातवा महिना आहे आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. बाळंतपण होईपर्यंत सुवित्री तिकडे, मी इकडे. तिने मला सगळं एका दमात शिकवलं. आकडीची गोळी सकाळ-संध्याकाळ, कोंबडीच्या काळजात दडवून. एक दिवसाआड मानेच्या कातडीखाली सलाईन. आणि आवाज नाही. पातेलं पडलं, फाटक आपटलं, तरी संदातला आकडी येते.

संदात पांढरी, केसाळ, म्हातारी. तिने माझी पावलं हुंगली, थोडा विचार केला आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली. सुवित्री म्हणाली, पास झालीस बघ, कोमांग. मी तीन वर्षं नापास होत होते.

ती खरं तर तिच्या नवऱ्याची कुत्री. लवंगांच्या बागेत त्याला हे पिल्लू सापडलं होतं. तो गेल्या पावसाळ्यात गेला. गाडीत बसताना सुवित्री माझ्याकडे न बघता म्हणाली, ही गेली की घरात त्यांचं काही उरत नाही गं. मी येईपर्यंत हिला धरून ठेव.

धरते म्हटलं. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा हीच बाई माझ्याबरोबर फरशीवर झोपली होती. नाही कसं म्हणणार?

१३ मार्च

यंत्र गुंडाळून ठेवलं. पहिल्याच शिवणीला संदातचे पाय ताठ झाले, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. थांबल्यावर तिने मला ओळखलंच नाही, आणि मग ओळखलं. ते ओळखणं फार गोड होतं. आता मी लग्नाची कबाया हातानेच शिवतेय. नवरीला सांगितलं, उशीर होईल.

सकाळी देवघरापुढे आणि फाटकाशी नैवेद्याच्या छोट्या परड्या, फुलांचे चनांग ठेवते. त्यातला भात संदात हळूच खाते आणि मग दुसरीकडे बघते. मी रागवत नाही. देवही रागवत नसावेत.

भिंतीपलीकडे दादोंग रेन्ती राहते. गावाची आजी. भिंतीवरून नुसतं डोकं काढून बोलते. आज म्हणाली, शहरातून आलीस, नवरा नाही, पोर नाही, आणि मिळालं काय, तर आजारी कुत्रं. नशीब काढलंस, पोरी! मग त्याच दमात केळफुलाची भाजी पुढे केली.

२१ मार्च

काल बाजारात गेले होते. लवकरच परतले, पण तेवढ्यात तिला आकडी येऊन गेली होती. जीभ चावलेली, सगळं अंग मुतात. ती माझ्यासाठी फाटकापर्यंत सरपटत आली होती. आता मी कुठे जात नाही. दादोंगची सून भाजी आणून देते.

खरं लिहायचं तर मी दमलेय. माझ्या कपड्यांना औषधाचा वास येतो. संदात झोपली की मी झोपते, ती कण्हली की उठते. चमचा खाली ठेवतानासुद्धा बोटं लावून ठेवते. आज तिला पुसताना एकदा मनात आलं, हे संपलं तर बरं. लगेच तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. तिने माझं नाक चाटलं.

सुवित्रीचा फोन रोज येतो. आधी संदात, मग मी. मी म्हणते, दोघी मजेत.

२८ मार्च

उद्या न्येपी, मौनाचा दिवस. आज तिन्हीसांजेला घराघरातून पातेली बडवायची, झावळ्यांची मशाल घेऊन कोपरान् कोपरा फिरायचं आणि जे काही वाईट दडून बसलंय ते फाटकाबाहेर हाकलायचं. मी जन्मभर हे केलंय. लहानपणी आईचं एक पातेलं मी पोचे पाडून पाडून कायमचं वाकडं केलं होतं.

सुवित्री फोनवर रडकुंडीला आली. गेल्या वर्षी तिने नेमासाठी पातेलं वाजवलं आणि संदात मरता मरता वाचली. या वर्षी नको, कोमांग, तुझ्या पाया पडते.

दादोंगला हे पटेना. म्हणाली, अगं, एकदा तरी वाजव. चमच्याने वाजव. सगळ्या गावाने हाकललेलं जाणार कुठे? जिथे गप्प तिथेच ना? मुलाला पातेलं घेऊन पाठवते म्हणाली. मी हात जोडले. ती म्हणाली, घर तुझं नाही, कुत्रं तुझं नाही, बाकीचं मात्र तुझ्याच गळ्यात पडेल हो.

मी नुसती मशाल फिरवली. कोपऱ्याकोपऱ्यात पुटपुटले, जा बाबा, जा. मग आतल्या खोलीत संदातचे कान कापसाने बंद करून तिला रजईत घेऊन पडले. बाहेर सगळं गाव पेटून उठलं होतं. पातेली, डबे, बांबूचे बार. मी तिच्या आकडीची वाट बघत होते.

आकडी आली नाही. आवाज अगदी आमच्या भिंतीशी आला तेव्हा तिने रजईतून डोकं काढलं, फाटकाकडे बघितलं आणि शेपटी हलवली. ओळखीचं माणूस आल्यावर हलवते तशी.

२९ मार्च

न्येपी. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, बाहेर पाऊल नाही. फोनही बंद. उजेड आहे तोवर लिहितेय. हेही कामच, पण हळू करतेय. मी मौन धरलंय. या घरात ते सोपं आहे.

संदात बरी आहे! सकाळी स्वतः उठली. कालचा गार भात वाडगाभर खाल्ला. गोळी काळजातून वेगळी काढून बाजूला ठेवली. अशी नीट, की माझ्याच्याने बघवेना. मग फाटकाच्या आतल्या आडभिंतीशी जाऊन बसली. ताठ. तिथून हललेली नाही.

दुपारी फाटकावर काठी टेकल्याचा आवाज झाला. गावाचा पहारेकरी सुदर्ता होता, कमरेला चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेला. फटीतून दबक्या आवाजात रागावला, म्बोक, आजच्या दिवस तरी तोंड मिटा, खालच्या वळणापर्यंत हसणं ऐकू येतंय. मी छातीवर हात ठेवून मान हलवली. पाहुणे आहेत का? मी मानेनेच, नाही. मग हसतंय ते बाईमाणूस कोण? मग त्याची नजर संदातवर गेली. अरे वा, म्हणाला, ही तर खडखडीत दिसतेय.

मी पहाटेपासून एक शब्द बोललेली नाही.

३० मार्च

आज चुली पेटल्या. रस्त्यावर माणसं, एकमेकांकडे जाणं, क्षमा मागणं. मला दादोंगकडे कॉफीला जायचं होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. घसा दुखत नाही. नुसता रिकामा आहे.

भिंतीवर दादोंगचं डोकं आलं. म्हणाली, बसणारच घसा! काल अंधार पडल्यापासून कुत्रीशी गप्पा काय, गाणी काय. मौन म्हणे! पण गोड गातेस हं, चोरटे.

मी फाटकाकडे धावले. कडीला हात लावला, आणि मागे संदात कोसळली. एवढी मोठी आकडी मी पाहिली नव्हती. धावत परत आले. ती हळूहळू शांत झाली, माझ्याकडे बघून कण्हली. तीच ती, माझी संदात, जीभ रक्ताळलेली.

मग उठली, अंग झाडलं आणि जाऊन ताठ बसली.

पुन्हा कडीला हात लावून बघितला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात लावायचं धाडस झालं नाही.

३१ मार्च

दादोंग भाजी घेऊन आली. मी आडभिंतीच्या आत उभी होते. तोंडाने नाही तर हाताने खुणावणार, एवढ्यात माझ्या मागून माझा आवाज आला. हसरा, थोडा लाडिक, मी दादोंगशी बोलते तसाच. दादोंग, संदातचा डोळा लागलाय हो, भाजी नको, आता चार दिवस कुणी येऊच नका.

दादोंग बरं बाई म्हणाली आणि गेली. तिच्या चपला उतारावर वाजत गेल्या.

मागे वळले. संदात बसली होती. तोंड मिटलेलं.

१ एप्रिल

सुवित्रीचा निरोप. काल किती बोललीस गं, वर्षभरात इतकी हसले नव्हते. तू एवढी बोलावतेस तर येते. मुलगी आता बरी आहे. परवा सकाळी पोचते, संदातला सांगू नकोस, गंमत करू.

काल माझा फोन उशीखाली होता.

येऊ नकोस असं लिहिलं. पाठवायला बोट नेलं आणि संदात पडली. श्वासच घेईना. पाय हवेत, डोळे माझ्यावर. मी थांबले. बोट काढलं.

पाठवलं नाही. मला ती जिवंत हवी होती. दुसरं काहीही सुचलं नाही.

ती उठून बसल्यावर बघितलं तर फोन तिच्या पाण्याच्या वाडग्यात होता.

२ एप्रिल

मी तिच्यासमोर चालत नाही. सरकते. चूल पेटवत नाही. सुई टोचली तरी श्वास रोखून धरते.

दुपारी ती झोपली. झोपेत पाय हलवत कण्हली, जुनं कण्हणं, लवकर ये म्हणणारं. म्हणजे आत आहे ती. कुठेतरी खाली, दाबलेली. मी जवळ बसले. हात लावला नाही—

पातेलं. सगळं त्यानेच जाईल. जे केलं नाही ते करायचं, एवढंच. पण त्या आवाजाने आधी संदात जाईल. तिचं हृदय आता तेवढं बळकट नाही.

आणि नाही वाजवलं तर सुवित्री—

भिंत उंच आहे. दादोंगचं डोकं आलं नाही. मी बोलावलं नाही तर कोण येणार. मी तर रोज सांगते ना, येऊ नका.

संध्याकाळ

माझ्या आवाजात गातेय. आईचं गाणं. हे मी इथे कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं.

३ एप्रिल

उजाडलं. मोठं पातेलं मांडीवर. पळी हातात. ती समोर बसलीये, माझ्याकडे बघतेय, ओरडत नाही—

उतारावर गाडी थांबली. सुवित्री कुणाशी तरी हसतेय. संदात, ए संदात—

आतून मी म्हणतेय, ये गं, उघडंच आहे.

सुवित्री, आत आलीस की तुला ती मेलेली दिसेल आणि माझ्या हातात पातेलं. मीच मारलं. हो. पण ऐक, शेवटपर्यंत ती तुझीच—

चपला वाजल्या. कडी—

पळी उचलली. उजवा हात वर जात नाही. डाव्याने लिहितेय. तिने मनगट तोंडात धरलंय. चावत नाहीये. दात लागतसुद्धा नाहीत. नुसतं धरलंय, हळूच, पिल्लाला धरावं तसं, आणि माझ्याच आवाजात सुवित्रीला म्हणतेय, ये—