पुसली न गेलेली डिस्क

कासा, ता. डहाणू
१२ डिसेंबर २०२५

प्रिय जयू,

तू बरी असशील. वापीची हवा मानवली का? तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही, म्हणून तुझ्या मामीकडून पत्ता घेतला. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

इकडे ठीक. भात झोडून झालं. लाहूच्या जीपला नवे टायर बसले. पाड्याच्या जंगलजमिनीच्या दाव्यांची सुनावणी बावीस तारखेला डहाणूला आहे, सदतीसही घरांची. लिहायचं ते हेच, आणि मी टायरांवर शाई घालवतेय.

तुमच्या शेजारच्या सुकीबाईंचा हात मोडला. दाव्यांचे नकाशे गेले म्हणून सगळ्यांनी हद्दी पुन्हा चालून मोजायचं ठरवलं होतं. मी पुढे हद्द टिपायला फोन धरून, त्या मागून खुणा दाखवत. ओहळातल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला. प्लास्टर घालताना मला म्हणाल्या, "जयवंतीनं असं केलं नसंल गं. माझ्या वावरात उपाशीपोटी मोजत होती ती."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघटनेचं ऑफिस उघडलं. तू विंडोजऐवजी वापरायचीस त्या लिनक्सचा पेनड्राइव्ह खणात होता. तो लावून कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू केला. पडद्यावर कॉम्प्युटरमधल्या दोन्ही डिस्क आल्या, पहिली विंडोजची, दुसरी तुझ्या कामाची. दुसरी उघडली. तुझ्या नावाचं फोल्डर, आत सदतीसच्या सदतीस नकाशे, ग्रामसभेचे ठराव, म्हाताऱ्यांचे जबाब. काही म्हणजे काही गेलं नव्हतं. आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. मग तुझ्या वहीत बघत लिनक्स सुरू करणारा भाग परत बसवला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा, कॉम्प्युटर सुरू करताना काय चालवायचं ते विचारणारी यादी आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

आता ऐक. ऑगस्टमध्ये तू कंपनीत नोकरी धरलीस, मी तुला पळपुटी म्हटलं, तू निघून गेलीस. दोन दिवसांनी प्रिंटर चालेना म्हणून मीच पहिली डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकलं. लिनक्स सुरू करणारा भाग त्याच डिस्कवर होता, तोही पुसला गेला. मग दुसऱ्या डिस्कवर क्लिक केलं की नुसतं 'फॉरमॅट करा' असं येई. मला वाटलं, सगळं गेलं. पाड्यावरच्या सभेत हिरूनं विचारलं, "नकाशे कुठं?" मी म्हणाले, "जयूनं जाताना पुसले."

तुझे बाबा समोरच बसले होते. "माझी पोर?" एवढंच म्हणाले.

हे भीतीपोटी झालं, असं लिहून पहिलं पत्र संपवलं होतं. ते अर्धं खोटं होतं. सभेनंतर सहाव्या दिवशी डहाणू रोडच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, "मॅडम, ही रिकामी नाही. लिनक्सची आहे, विंडोजला वाचता येत नाही. फॉरमॅट मारू नका." म्हणजे मला ठाऊक होतं, जयू. जवळजवळ चार महिने. डिस्क उघडली असती तर तू खरी ठरली असतीस आणि मी खोटी. म्हणून कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि माणसांना उन्हातून हद्दी चालवल्या.

रविवारी सभेत सगळं सांगितलं. हिरू उसळला. "आम्ही तिच्या बापाच्या घरचं पाणी पीत नव्हतो, आणि तू गप्प?" तुझे बाबा उठून गेले.

सोमवारी ऑफिसच्या दारात उभे. "आमचा नकाशा दाखव." दाखवला. हद्दीच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "हे जयूनं मोजलेलं?" मी हो म्हटलं. चहा न घेता गेले.

ऑफिसची किल्ली मी हिरूकडे दिली. सुनावणीपर्यंत कागद लावून देईन, पुढचं पाड्यानं ठरवावं. प्रत्येक नकाशाखाली मोजणी करणारीचं नाव तुझं आहे, सुनावणीत तुझ्याबद्दल विचारतील. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पण बाबांना फोन कर. ते तुझं नाव पुन्हा घेऊ लागलेत.

जिनं तुझ्यावर खोटा आळ घेतला, ती
प्राजक्ता