निळ्या पिशव्यांचे रेनकोट

वूलगूलगा, न्यू साउथ वेल्स

प्रिय बचिंत,

वाहेगुरूच्या कृपेने येथे सर्व कुशल आहे. फोन हाताशी असताना थोरल्या भावाने, वीरजींनी, कागद का काळा केला, असे तू म्हणशील. त्याचे कारण असे, की फोनवर प्रकृतीचा विषय निघाला, की तू "वीरजी, कुकर लावलाय, ठेवते हं," असे म्हणून मोकळी होतेस. गेल्या खेपेस तर कुकरची शिट्टीही ऐकू आली नाही. पत्र असे मध्येच बंद करता येत नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो असलो, तरी माझ्या लिहिण्यातील काना-मात्रेची चूक आजवर कोणी दाखवलेली नाही. तेव्हा सावकाश वाच.

आपल्या टेकडीवर आता केळी राहिलेली नाहीत. तुझ्या भाच्याने सारा उतार ब्लूबेरीला दिला आहे. मी परसात केळीची चार झाडे ठेवली आहेत आणि त्यांच्या घडांना काहीही बांधत नाही. पक्षी त्यांचा वाटा खातात, उरलेली मी खातो, आणि व्हरांड्यात बसून समुद्र पाहतो. आयुष्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

काल शेजारचा मर्व्ह येऊन गेला. शेजारधर्म म्हणून तो अजूनही गुरुद्वारात लंगरच्या दिवशी सर्वांच्या आधी पंगतीत बसतो. त्याने तुझ्या रेनकोटांची आठवण काढली. तुला स्मरते ना? केळीच्या घडांना बांधलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घड उतरवल्यावर फेकून द्यायच्या असत. पण तुझ्या हातून कधी सुतळीचा तुकडाही वाया गेला नाही. तू त्यांना बाह्या लावल्यास, गळा कापलास आणि पावसाळ्यात सारी बाग निळी केलीस. तेव्हा मर्व्ह कुंपणावरून ओरडला होता, "काय रे मेहंगा, यंदा घड झाडावरून उतरून चालायला लागले की काय?" आणि तू शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "तुलाही शिवून देते, पण तुझ्या पोटाला तीन घडांची पिशवी लागेल!" तुझ्या मांडीवर पिशव्यांचा ढीग असे. त्यांच्या आतली पांढरी भुकटी उडून तुझ्या भुवयांवर बसे. गुरमेज ओरडली, की तू हात झटकून म्हणायचीस, "अगं वहिनी, पीठच समज." ती भुकटी किड्यांसाठी होती, हे आपणा सर्वांना ठाऊक होते, परंतु विकणारा स्वतः तळहातावर घेऊन दाखवीत असे, आणि आपण किडे नव्हतो.

आता माझी बातमी. गेल्या वर्षी दाढी बांधताना मानेवर हाताला गाठ लागली. पट्टी आवळून बांधल्याने ती आली असेल, असे समजून मी पट्टी सैल केली. दाढीआड ती कोणालाच दिसली नाही. पुढे अंगातील बळ गेले, कपडे ढिले झाले, तेव्हा तपासणी झाली. हा रक्ताच्या कर्करोगाचाच एक प्रकार आहे, लसीकाग्रंथींचा. डॉक्टरीणबाईंनी बागेतील कामाविषयी बारकाईने विचारले. किडे मारण्याची अशी औषधे वर्षानुवर्षे अंगावर घेणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो, असे त्या म्हणाल्या; परंतु एका माणसाच्या बाबतीत तो नेमका कशाने झाला, हे कोणीही सांगू शकत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

घाबरू नकोस. उपचार संपले, गाठी विरल्या. ज्या केसांना मी जन्मात कात्री लावली नाही, ते औषधाने गेले, ते दिवस मात्र कठीण होते. दाढी आता परत आली आहे. पण काय सांगावे, कोकराच्या लोकरीसारखी कुरळी! गुरमेज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "सिंह दवाखान्यात पाठवला होता, मेंढरू परत आलं." मी अद्याप कोणालाही माझे छायाचित्र काढू दिलेले नाही.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, ते लिहितो. लंगरमध्ये पोळ्या लाटताना एक बाई म्हणाली, "बचिंतीच्या रेनकोटांनीच घात केला म्हाताऱ्याचा." हे वाक्य तिकडे तुझ्या ग्रिफिथला पोहोचायला वेळ लागणार नाही, म्हणून त्याआधी माझे वाक्य पोहोचावे. तू आम्हाला पावसातून कोरडे घरी आणलेस. एवढेच तू केलेस, आणि हे मी गुरुद्वारात उभे राहून सांगितले आहे. परंतु बचिंत, ते रेनकोट आम्ही पावसापुरते घालत होतो. ढीग तुझ्या मांडीवर रोज असे. तुझा निर्वैर सांगतो, की त्याची आई वाळली आहे, जिना चढताना थांबते आणि उन्हाळ्यातही ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळते. ओढणीआड काय आहे, ते मी विचारत नाही. माझ्या दाढीआड काय होते, ते मी तुला सांगितले आहे. निर्वैरबरोबर जा, मान दाखव, रक्त तपासून घे. तू जाऊन आलीस असे त्याने कळवले, की त्याच दिवशी मी ग्रिफिथच्या बसमध्ये बसेन. मग तू माझ्यासमोर बस, आणि या दाढीला मनसोक्त हस. मी एक शब्दही बोलणार नाही.

तुझाच वीर,
मेहंगा सिंग