बोडीच्या पाळीवरचा मुक्काम

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
तलाव देखभाल उपविभाग,
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया.

अर्जदार : लोकेंद्र रामलाल हरिणखेडे, कनिष्ठ लिपिक, आपलेच कार्यालय.

विषय : गोंदिया येथे झालेली बदली रद्द करून बोरटोल्याच्या बोडीच्या पाळीवर (बांधावर) मुक्काम चालू ठेवू देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या दालनात मला मिळालेली तोंडी समज. २) त्यानंतर निघालेला बदलीचा आदेश.

महोदय,

आपण दिवाळीनंतर या कार्यालयात रुजू झालात. त्यापूर्वीची हकीकत आपणास ठाऊक नसल्याने ती आधी मांडतो, म्हणजे मागणी समजेल.

१. माझे घर सौंदडजवळ व नोकरी अर्जुनी मोरगावला. गाडीची वेळ आणि कार्यालयाची वेळ यांचा छत्तीसचा आकडा आहे, म्हणून मी सायकलने ये-जा करतो. माझी पत्नी चंचल येथीलच एका खाजगी शाळेत शिक्षिका होती. तीही सोबत सायकलने येई. संध्याकाळी परतताना दोघांचेही पाय भरून येत. एकदा ती बोरटोल्याच्या बोडीजवळ, म्हणजे रस्त्यालगतच्या लहान तलावाजवळ, सायकल मोहाच्या झाडाला टेकवून म्हणाली, "रोज पुरा रस्ता कायले करता? मधातच राहून जाऊ ना. सकाळी अर्धाच उरते."

मी हसण्यावारी नेले. तिने मात्र दोन माणसांचा तंबू मागवला. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा आम्ही तिथे उतरू लागलो. कॅरियरला तंबू, चटई व लहान स्टोव्ह. इस्त्रीचे कपडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत. रात्री भात आणि सुकटीची चटणी, सकाळी टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बोरिंगवर आंघोळ, आणि वेळेआधी कार्यालयात. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हा नियम मला माहीत आहे. अर्ध्या रस्त्यावर राहून मी तो अर्धा तरी पाळला, असे समजावे.

२. मागील भादव्यात चंचल तापाने गेली. गोंदियाला नेले होते. उपचारात कोणाची काही कसूर झाली असे माझे म्हणणे नाही.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्या रीतीप्रमाणे, ती झोपायची त्या जागी तांदळाचे पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. गेलेले माणूस घरी येऊन गेले की सकाळी पिठात काहीतरी खूण दिसते, असे आमच्याकडे मानतात. कोणाला पाखराचा पाय दिसतो, कोणाला मुंग्यांची रांग. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसेच्या तसे होते. भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. माझी आई सुलोचनाबाई मात्र शांतपणे बोलली, "थे घरी आलीच नाही. वाटेतच राहिली असल."

मी पदवीधर माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी सुतक फिटल्यावर कामावर आलो तो परतताना बोडीवरच उतरलो, आणि तेव्हापासून सुट्टीचे दिवस सोडले तर रोज उतरतो. तिथे मला काही दिसले का, असे आपण विचाराल. काहीही दिसले नाही. मी फक्त तंबू दोघांचा लावतो, कारण दुसरा तंबू माझ्याकडे नाही.

३. गेल्या महिन्यात पाहणीवरून परतताना दिवेलागणीच्या सुमारास आपली जीप बोडीवरून गेली. दुसऱ्या दिवशी आपण मला दालनात बोलावले व दार लावून घेतले. शासकीय कर्मचारी परस्त्रीसोबत उघड्यावर राहतो हे शोभत नाही, असे आपण म्हणालात. मी एकटाच होतो असे सांगितल्यावर आपला आवाज चढला. "मी काय आंधळा आहे का, हरिणखेडे?" असे विचारून आपण सदर स्त्रीचे वर्णन केलेत. ती पाण्याकाठी बसून तांदूळ धूत होती. अंगात पुरुषाचा पांढरा शर्ट होता. जीपकडे पाहून तिने हात हलवला. मी स्टोव्हपाशी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

तेव्हा मला फार राग आला. बायकोला जाऊन वर्षही झाले नाही आणि साहेब असे बोलतात, या विचारापुढे मला दुसरे काही सुचले नाही. वर्णनाकडे माझे लक्षच गेले नाही. आपण मेमो दिला नाहीत, सेवापुस्तकात डाग नको म्हणून गोंदियाला बदली दिलीत, कार्यालयाच्या आवारातच क्वार्टरही मिळवून दिलेत. आपला हेतू चांगला होता. मला तो अपमान वाटला.

४. आरोप खोटा ठरवावा म्हणून मी बोडीवर मासे धरणारे योगराज मेश्राम यांच्याकडे गेलो. ते रोज संध्याकाळी जाळे टाकायला येतात व चंचलला चांगले ओळखत होते. इथे मी एकटाच राहतो एवढे लिहून द्या, मजकूर मी तयार करतो, तुम्ही अंगठा करा, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी जाळे खाली ठेवले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हाये ना थे, बाबू. रोजच राहते. तुमाले दिसत असल असंच वाटत होतं मले."

त्यानंतर मला आपण केलेले वर्णन आठवले. साहेब, तो पांढरा शर्ट माझा आहे. उन्हाने हात काळे पडतात म्हणून ती तो कुडत्यावर चढवायची. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला, अगदी रेतीच्या ट्रकलाही, हात करायची तिला खोड होती. त्यावरून मी तिला रागवत असे. हे आपणास कोणी सांगितलेले असणे शक्य नाही.

५. तेव्हापासून मी माझ्या परीने सर्व प्रयत्न केले. हँडलला आरसा बसवून आरशातून पाहिले. स्टोव्हकडे तोंड न करता पाण्याकडे केले, त्यात दोनदा भात करपला. शेवटी लाज सोडून योगराज यांना म्हटले, बोट करून दाखवा. त्यांनी बोट केले. माझ्या बाजूलाच, चटईवर. मी पाहिले, तिथे चटई होती. ती काय करून राहिली असे विचारले, तर म्हणाले, तुमच्याकडेच पाहून राहिली. मी त्यांच्यासमोर रडलो, हे लिहायला मला संकोच नाही.

साहेब, आपणास ती येता-जाता दिसली. मला आपला हेवा वाटतो.

६. सबब मागणी अशी :

(अ) आपण केलेला आरोप मी मान्य करतो. सदर स्त्री माझ्यासोबत होती. ती परकी नाही. यापूर्वी मी तोंडी दिलेला नकार रद्द समजावा.

(आ) सोबत तिचा फोटो जोडला आहे. आपण पाहिलेली स्त्री हीच असल्यास फोटोच्या मागे तसे लिहून सही करावी व फोटो मला परत द्यावा. ती हसत होती की दमलेली दिसत होती, हेही जमल्यास लिहावे.

(इ) शिक्षा कोणतीही द्यावी. वेतनवाढ रोखली तरी तक्रार करणार नाही. फक्त गोंदियाला पाठवू नये. तिथले क्वार्टर मी पाहून आलो. चांगले आहे, नळाला पाणी आहे, आणि कार्यालयाचे दार समोरच आहे. पण घर आणि कार्यालय यांच्यामध्ये तिथे रस्ताच नाही. साहेब, मग ती थांबेल कुठे?

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र कर्मचारी,
(सही)
लोकेंद्र रामलाल हरिणखेडे

दि. १७ फेब्रुवारी २०२५
स्थळ : बोरटोला

सोबत : १) बदली आदेशाची प्रत. २) मृत्यू प्रमाणपत्राची प्रत. ३) फोटो, एक.